लाँचच्या तळातली तांब्याची नळी

मला पोहता येत नाही. नाशकात, गंगेपासून, म्हणजे गोदावरीपासून, हाकेच्या अंतरावर वाढलेल्या माणसानं हे सांगितलं की लोक हसतात. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस माझी वर्कशॉपमधून इगतपुरीकडच्या एका धरणावर बदली झाली. तिथली लाँच माझ्या ताब्यात येणार होती. मी साहेबांना हीच अडचण सांगितली. साहेब म्हणाले, "पोहायला कोण पाठवतंय तुम्हाला? इंजिन सांभाळायला पाठवतोय."

लाँच आधी कोकणातल्या एका खाडीत चालायची. तिथं ती म्हातारी झाली, मग कुणीतरी तिला ट्रकवर घालून घाटावर आणली. धरणाच्या मधोमध पाणी सोडण्याचा मनोरा होता, तिथं माणसं पोचवायची आणि गाळाची खोली मोजायला फिरायचं, एवढंच तिचं काम. गोड्या पाण्यात गंज लागत नाही अशी सगळ्यांची समजूत होती. पण खाडीचं मीठ तिच्या पोटात आधीच मुरलं होतं. इंजिनाच्या जॅकेटात, म्हणजे ज्या पोकळीतून थंड पाणी खेळतं तिथं, बोटभर जाडीचे खपले धरलेले होते. पहिल्या आठवड्यात मी ते खरवडून घमेल्यात काढले आणि घमेलं दोन्ही हातांनी उचलावं लागलं. एवढं लोखंड मूळच्या इंजिनातून कमी झालेलं होतं.

माझी पद्धत ठरलेली आहे. आधी यादी, मग काम. छोटी हातोडी घेऊन मी प्रत्येक भागावर टिचक्या मारत गेलो. धड लोखंड खणखणतं. कुजलेलं लोखंड ओल्या लाकडासारखा थप आवाज करतं. त्या लाँचवर थप फार ऐकू आलं. मी यादीचे तीन भाग केले. पहिला, लगेच करायची कामं. दुसरा, उन्हाळ्यात पाणी उतरून लाँच चिखलावर बसली की करायची कामं. तिसऱ्या भागाला मी शीर्षक दिलं नाही, त्यातली कामं कुणाच्यानं होण्यासारखी नव्हतीच.

पहिला भाग मी पावसाळ्यातच उरकला. धूर बाहेर नेणाऱ्या नळीचा बाक नवा बसवला. पाण्यातल्या पंख्याच्या दांड्याचं पॅकिंग बदललं. जॅकेट तीनदा धुतलं. तरीही लाँचवर मी कठडा धरूनच उभा राहायचो. पायाखाली पाव इंच जाडीचा पत्रा आणि त्याच्याखाली किती पाणी हे तांडेलला विचारायची माझी छाती नव्हती.

तांडेल म्हणजे लाँच चालवणारा. मूळचा कोकणातला कोळी, लाँचबरोबरच घाटावर आलेला. सगळे त्याला तांडेलच म्हणत. मला तो मिस्त्री म्हणायचा आणि माझ्या हातोडीवर त्याचा भारी राग. "मिस्त्री, झोपलेल्याला कशाला उठवताय?" असं तो प्रत्येक टिचकीला म्हणायचा.

लाँचवर एकच वस्तू मला बघायला आवडे, ती म्हणजे तांब्याची नळी. तळातून इंजिनाच्या पंपापर्यंत धरणाचं पाणी आणणारी ही नळी माझ्या आधीच्या मिस्त्रींनी नाशकातल्या एका तांबटाकडून ठोकून आणली होती. आधीची लोखंडी नळी दोनदा सडली, म्हणून वैतागून. पाण्याला घागर तांब्याची, बंब तांब्याचा, मग इंजिनालाच लोखंड का, असा नाशिककर विचार. बाक असा सुरेख वळवलेला, की एखाद्या देवघरात शोभावा. तांडेल तिला घासूनपुसून लखलखीत ठेवायचा. अख्ख्या लाँचमध्ये निव्वळ कौतुकापोटी मी हातोडी न लावलेली तेवढी एकच वस्तू.

ती नळी मात्र खाली एका लोखंडी तुकड्यावर बसवलेली होती. तळाच्या पत्र्याला जोडलेला वीतभर पोकळ तुकडा, आम्ही त्याला निपल म्हणतो. त्याच्या वर पाणी बंद करायचा कॉक, कॉकच्या वर तांबं. निपलवर चंदेरी रंगाचे थर होते, कारण दर खंडेनवमीला इंजिन धुऊन, रंगवून, हळदीकुंकू लावून पुजायची तिथली रीत. त्या रंगाखाली काय आहे ते कळायला मार्ग नव्हता. निपल पाण्याच्या पातळीखाली. टिचकी मारली आणि फुटलं, तर वरचा कॉक बंद करून काही उपयोग नाही, भोक कॉकच्या खाली. म्हणून ते दुसऱ्या भागात गेलं, उन्हाळ्यात. पण यादी हातात घेतली की नजर तिथंच जाऊन थांबायची.

अशात खंडेनवमी आली. धरण काठोकाठ भरलेलं. पूजेनंतर सगळ्या स्टाफच्या कुटुंबांना लाँचमधून फेरी मारायची, हीही तिथली रीत. मी साहेबांकडे गेलो.

"साहेब, यंदा कुटुंबांची फेरी नको."

"कारण?"

"तळातलं निपल तपासता आलेलं नाही."

"मागच्या वर्षी तपासलं होतं?"

"नाही."

"मग मागच्या वर्षी काय झालं?"

"काही नाही."

"मग!" साहेब म्हणाले. "सणाच्या दिवशी असलं अभद्र बोलू नका. माझी आई आलीय खास."

मग मला करण्यासारखं एवढंच उरलं की बरोबर काय काय घ्यायचं ते ठरवावं. सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या, सुतळी, ग्रीसचा डबा, लाकडी खुंट्या, आणि ट्रकच्या दोन ट्यूबा हवा भरून. त्या ट्यूबा घेऊन मी धक्क्यावर आलो तेव्हा साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, "मिस्त्रींनी चाकं आणलीत. लाँच रस्त्यानं न्यायचा विचार दिसतो." सगळे हसले. माझी बायकोही हसली. ती सणासाठी आमच्या सहा वर्षांच्या मुलीला घेऊन नाशिकहून एसटीनं आली होती. मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, "तू आणि ती इथंच थांबा."

"का बरं? पावसाळाभर लाँचच्याच गोष्टी ऐकतेय. आज बघू तरी कशी आहे."

"बरी नाहीये ती."

"तुम्ही चाललाय ना? मग आम्हाला काय धाड भरलीय?" आणि ती मुलीचा हात धरून फळीवरून चढलीसुद्धा.

वीसेक माणसं होती. बायकांनी नव्या साड्या नेसलेल्या, मुलांच्या हातात खोबऱ्याचे तुकडे. इंजिनावर लाकडी पेटी होती, तिचं झाकण म्हणजे लाँचमधली सगळ्यात ऐसपैस बैठक. त्यावर साहेबांची आई मांडी घालून बसली. सत्तरीच्या पुढची, जाड भिंगांचा चष्मा, गुडघे धरलेले. मी म्हटलं, "आजी, तिकडं कडेला बसता का? वारा छान लागेल."

"वाऱ्याला काय करायचंय? इथं बुडाखाली ऊब आहे. गुडघ्यांना बरं वाटतं."

तांडेलनं इंजिन चालू केलं. मी पेटीला टेकून उभा राहिलो आणि कान लावला. बाकीचे डोंगर बघत होते, पलीकडच्या काठावरची पिवळी पडत चाललेली भातं बघत होते. मनोरा मागे पडला. पाण्याचा रंग हिरव्याचा काळा झाला. तिथं कुठंतरी मला तो आवाज आला. चप, चप, चप. इंजिनाचं चाक तळाशी कोरड्यात फिरतं. ते पाण्याला थापटत होतं.

मी फळीच्या फटीतून बोट खाली घातलं. पाणी लागलं. सकाळी मी तो तळ फडक्यानं पुसला होता.

ओरडायचं नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. वीस माणसं घाबरून एका बाजूला धावली की बुडायला भोकाची गरज उरत नाही. मी तांडेलकडे बघितलं. त्यानं माझा चेहरा बघितला आणि त्याचं हसू मावळलं. मी तळहात खाली करून दाखवला, हळू. त्यानं वेग उतरवला. आता पेटी उघडायची होती, आणि पेटीवर आजी.

"आजी, जरा उठता का?"

"आता काय झालं?"

"इंजिन बघायचंय."

"चाललंय की चांगलं! उगीच चालत्याला खीळ. आणि मला एकदा बसलं की उठवत नाही, माहितीये ना?"

चप, चप. आवाज जड होत होता. माझ्या तोंडून काय निघालं ते मी ठरवलं नव्हतं. मी म्हटलं, "आजी, इंजिनाची आतली पूजा राहिलीय."

त्या बाईचा चेहराच बदलला. "राहिलीय? खंडेनवमीला? आणि तसेच निघालात पाण्यावर?" तिनं दोन्ही हात पुढे केले. "उठवा रे मला!" साहेबांनी आणि मी तिला उचलून बाकावर ठेवलं. साहेब कुजबुजले, "मिस्त्री, हा काय प्रकार?" मी झाकणाला हात घातला. आजीनं साऱ्या लाँचचा ताबा घेतला. "ए पोरांनो, खाली बसा! कुणी हलायचं नाही. पायातलं काढा. हात जोडा सगळ्यांनी. मिस्त्री, तुमचं होऊ द्या सावकाश."

आणि खरोखर वीस माणसं जागच्या जागी हात जोडून बसली. मी दहा वेळा ओरडून सांगितलं असतं तरी इतकी गुमान बसली नसती.

मी झाकण काढलं आणि पोटावर पडून आत शिरलो. चंदेरी रंग फुग्यासारखा फुगून फाटला होता आणि निपलच्या कडेनं पाण्याचा पंखा उडत होता. रबराची पट्टी गुंडाळावी म्हणून बोट लावलं, तर बोटाबरोबर रुपयाएवढा तुकडा निघून आला. पाणी दुप्पट झालं. त्यातलं लोखंड कधीच संपलं होतं. इतके दिवस धरणाचं पाणी रंगानं अडवून धरलं होतं.

मी पट्ट्यांची घडी करून भोकावर तळहात दाबला. पाणी कमी झालं, थांबलं नाही. इंजिनाच्या प्रत्येक ठोक्याला तांब्याची नळी थरथरत होती आणि तिचं सगळं वजन त्या कुजक्या तुकड्यावर हलत होतं. ती हलली की तळहाताखाली काहीतरी कुरकुरायचं. म्हणून दुसरा हात तिच्याभोवती टाकून तिला छातीशी आवळून धरली. गाल गरम सिलिंडरला टेकत होता. मान वळवायला जागा नव्हती.

तांडेल वाकून म्हणाला, "इंजिन बंद करू?"

बंद केलं तर हादरे थांबतील, पण मग मध्यावर नुसतं तरंगत राहायचं. चालू ठेवलं तर निपल पुरतं तुटण्याची भीती. मी म्हटलं, "जवळचा काठ कुठला?"

"पलीकडचा. भाताचा."

"तिकडं घ्या. अगदी हळू. धक्का लागता कामा नये."

पुढचा वेळ मी कसा काढला ते मला नीट सांगता येणार नाही. मला पेटीच्या खालच्या फटीतून फक्त माणसांची पावलं दिसत होती. पैंजणं, जोडवी, साहेबांचे मोजे. पाणी माझ्या कोपरापर्यंत आलं होतं. मनात एकच हिशेब चालू होता, हा तुकडा सुटला तर काय, आणि त्याचं उत्तर दर वेळी तेच येत होतं. त्यातच मला मुलीचे लाल सँडल दिसले, तिनं ते काढले नव्हते. ते हलले. बायकोची पावलं त्यांच्यामागे हलली. दोन्ही जोड्या बाकालगत सावकाश सरकत ट्रकच्या ट्यूबांपाशी जाऊन थांबल्या. तेव्हा मला कळलं की तिला कळलंय. वरून आजीचा आवाज येत होता, "हं, अजून नाही झालं. हात खाली नाही घ्यायचे."

लाँचचं तोंड चिखलात घुसलं तेव्हा असा हिसका बसला की निपल मुळापासून मोडलं आणि माझा हात सरळ भोकात गेला. पण तोवर खाली दोनच फूट पाणी उरलं होतं. लाँच तळावर टेकली आणि स्वस्थ बसली. लोक टाळ्या वाजवायला लागले. त्यांना वाटलं, पूजेसाठीच काठाला आणलंय.

आजी म्हणाली, "झाली ना पूजा? मग नारळ कुठाय?"

सगळे उतरून भाताच्या बांधावर बसले. साहेब माझ्यापाशी आले. माझे कपडे गंजानं तांबडे झाले होते. तळव्यातून रक्त येत होतं. "काय ते आता दुरुस्त करा आणि चला," ते म्हणाले. "इथून परत जायला रस्ता नाहीये."

मी खिशातून निपलचा तुकडा काढून त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो चिमटीत धरला तर त्याचा भुगा झाला आणि बोटांना चंदेरी रंग तेवढा चिकटून राहिला. साहेब त्या रंगाकडे बघत राहिले. मग त्यांनी मागे वळून आईकडे बघितलं आणि एकदम खाली बसले.

तांडेल आत जाऊन नळी सोडवून घेऊन आला. ती अजून लखलखत होती. खालच्या तोंडाशी, जिथं कॉक बसायचा, तिथं हिरवट पांढरा थर होता आणि त्यात काहीतरी तंतूसारखं अडकलं होतं. मी नखानं काढून बघितलं. वास घेतला.

"तांडेल, नळी कशानं घासता तुम्ही?"

"कशानं म्हणजे? चिंच आणि मीठ. दर शनिवारी. घरी देवाचा तांब्या घासतात तसं."

"आणि मग धुता?"

"वरनं तांब्याभर पाणी ओततो की."

ते पाणी कुठं जात होतं हे सांगायची गरज पडली नाही. चिंचेचं आंबट आणि खडेमीठ नळीवरून ओघळून खालच्या निपलवर साचायचं. तांबं आणि लोखंड असं ओलं एकत्र राहिलं की आधीच लोखंडाचं काही खरं नसतं. त्यात हा दर शनिवारचा नैवेद्य. तांडेलचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "मिस्त्री, जिवापाड जपली हो मी तिला."

"तुम्ही नळी चांगलीच जपलीत," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

शेजारून आजी म्हणाली, "मग आणखी कशानं घासायचं असतं तांबं?" बायको हळूच म्हणाली, "मी पण तसंच घासते." पुढच्या उन्हाळ्यात लाँच चिखलावर बसली तेव्हा मी निपल, कॉक आणि नळी तिन्ही पितळेची केली. पत्र्याशी जिथं जोड आला तिथं रबर घातलं. घासायची बंदी केली, आणि तळात रंग मारण्याचीही. पण ते नंतरचं.

भातात काम करणारा एक शेतकरी जवळ आला. साहेबांनी विचारलं, "इथून गावाला वाट आहे का?"

"गाडीवाट नाय साहेब. बांधाबांधानं जावं लागंल. लय लांब हाय, पर जाता येतंय." मग आजीकडे बघून तो म्हणाला, "म्हातारीला डोली करू."

साहेब एकदा लाँचकडे बघून म्हणाले, "लाकडी खुंटी ठोकून नेता नाही का येणार? नुसती पलीकडे?"

"येईल," मी म्हटलं. "मी आणि तांडेल नेऊ नंतर. माणसं नाही."

साहेबांना असं सरळ नाही म्हणण्याची ती माझी पहिलीच वेळ. त्यांनी शेतकऱ्याला डोली करायला सांगितलं. घोंगडी आणि दोन बांबूंची डोली झाली. आजी त्यात बसून, खोबरं चघळत, पुढे निघाली. मागून सगळी वरात. नव्या साड्या चिखलानं भरल्या आणि बायका कुरकुरत होत्या, ही कसली फेरी म्हणून. कुणाला काही सांगायचं नाही असं साहेबांनी मला डोळ्यांनीच सुचवलं होतं.

मुलगी माझ्या खांद्यावर झोपली. आम्ही सगळ्यांच्या मागे राहिलो. पाणी डाव्या हाताला होतं, उन्हात चकाकत, अगदी निरुपद्रवी. पाय घट्ट जमिनीवर होते आणि तिथं, कोरड्यावर, मला खरी भीती भरली. मी दोनदा बांधावरून घसरलो.

बायको म्हणाली, "आता सांगा. काय झालं तिथं?"

मी सांगायला लागलो. तांबं आणि लोखंड ओलं राहिलं की लोखंड खाल्लं जातं, त्यात मीठ असलं की...

"तांब्यालोखंडाचं नको. तुमचं सांगा. झाकण काढताना तुमचा चेहरा बघितलाय मी."

मग मी सांगितलं. खाली हात अडकलेला असताना मी यादी करत होतो. ट्यूबा दोन. माणसं वीस. तळ गेला तर पहिल्यांदा पोरीला धरायचं आणि ट्यूबमध्ये टाकायचं. दुसऱ्या ट्यूबेत आजी, ती सगळ्यात जवळ होती म्हणून. मग तांडेलला हाक मारायची, त्याला पोहता येतं. "तुझ्यापर्यंत मी पोचलोच नाही," मी म्हटलं. "दर वेळी पहिल्यापासून सुरू करायचो आणि दर वेळी तिथंच संपायचं."

पुढे आजी डोली वाहणाऱ्यांना खोबरं घ्यायचा आग्रह करत होती.

"बरोबर आहे," बायको म्हणाली. "मीही तेच ठरवलं होतं. पोरीला ट्यूबमध्ये घालायचं आणि मी ट्यूब धरून ठेवायची. तुमचा विचार माझ्याही डोक्यात आला नाही."

मग तिनं मुलीला माझ्याकडून घेतलं. माझा पाय पुन्हा घसरला होता आणि त्यानं पोर जागी होत होती.